कानो : बाजार आणि शेजार

आम्ही वर्गात ‘खबर’, ‘किताब’ शिकवतो. नायजेरियातल्या कानो शहरात हौसा लोक त्यांनाच ‘लाबारी’, ‘लित्ताफी’ म्हणतात. हे कळले तेव्हा आम्हांला दूरचे नातेवाईक भेटल्यासारखे वाटले. मुलांनाही सांगितले.

हे शहर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घडवले. वांगारा व्यापारी आणि आलिम पश्चिमेकडून इस्लाम घेऊन आले. मुहम्मद रुम्फा (१४६३-१४९९) यांच्या राज्यात कुर्मी बाजार भरभराटीला आला. उत्तर आफ्रिकेचे आलिम अल-मगीली यांनी त्यांच्यासाठी राज्यकारभारावर पुस्तिका लिहिली. निळीत रंगवलेले कापड आणि कातडे उंटांवरून सहारापार जाई.

इंग्रजांच्या काळात दक्षिणेतून आलेल्या इग्बो, योरुबा लोकांसाठी तटाबाहेर ‘साबोन गारी’, म्हणजे नवे गाव, वसले. १९६६ मध्ये याच शहरात इग्बोंच्या कत्तली झाल्या.

एका मुलीने विचारले, “सर, मारणाऱ्यांत मुसलमान होते?”

क्षणभर गप्प बसावेसे वाटले. मग म्हणालो, “होते, बेटा. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म पाहून ठरत नाही, हे ते विसरले.”

वैभव सांगायचे आणि हे झाकायचे, असे शिकवणे आम्हांला जमणार नाही.