बंद पेडलचा नाद

इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जमिनीवर ठेवलेले आणि पायाने चालू-बंद करता येणारे पेडल बंद असताना आवाजाच्या वाटेत नसतेच, असे बहुतेक नवशिके वादक धरून चालतात. वस्तुतः खटका दाबल्यावर तारेतला विद्युतसंदेश एक मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाने जाऊ लागतो, आणि तो दुसरा मार्ग कसा बांधला आहे, पहिल्या मार्गाशी असलेला संबंध पुरता तुटला आहे की नाही, यावर अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा पोत बराच अवलंबून असतो. वादकाच्या आयुष्यात ही जाणीव टप्प्याटप्प्याने येते, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला आधीचे उत्तर अपुरे वाटू लागते.

पहिल्या टप्प्यावर प्रश्नच नसतो, कारण एक गिटार, एक केबल आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर एवढाच संसार असतो. तरीही या साध्या जोडणीतच पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ आहे. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले वेटोळे. तार कंप पावली की त्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. अशा वेटोळ्याला प्रवर्तकत्व असते, म्हणजे विद्युतप्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण असतो, तर आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकींजवळून धावत असल्यामुळे केबलला धारकता असते, म्हणजे ती थोडा विद्युतभार साठवून ठेवते. या दोन गुणांच्या संयोगातून एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद होतो, तिथे आवाजाला टोकदार उठाव मिळतो आणि तिच्यावरचे सगळे झपाट्याने विरत जाते. अडीच हेन्री प्रवर्तकत्वाचा पिकअप आणि मीटरमागे 100 पिकोफॅरड धारकतेची पाच मीटर केबल घेतली, तर ढोबळ हिशेबाने हे शिखर 4,500 हर्ट्झच्या आसपास येते. गिटारवर सर्वांत वरच्या पडद्याला वाजणाऱ्या स्वराची मूळ वारंवारताही 1,300 हर्ट्झच्या फारशी पुढे जात नाही, तेव्हा शिखर खालीवर सरकल्याने सूर बदलत नाही. बदलतो तो उपस्वरांचा मेळ, जसा तंबोऱ्याची जवारी उतरल्यावर षड्ज तोच राहूनही त्याचा झंकार मावळतो.

दुसरा टप्पा पहिल्या पेडलचा, आणि त्यासाठी वा-वा पेडलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1967 मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीमार्फत व्हॉक्सच्या नावाने बाजारात आलेले हे पेडल पाऊल पुढेमागे झुलवून आवाजाला बोलल्यासारखे वळण देते. त्याच्या जुन्या नमुन्यांचे झाकण उघडून पाहिले, तर पायाच्या खटक्याला तीनच टोके दिसतात: मधले टोक बाहेर जाणाऱ्या जॅककडे गेलेले, एका बाजूचे थेट आत येणाऱ्या जॅकला जोडलेले, आणि दुसऱ्या बाजूचे मंडलाच्या शेवटाला. खटका फक्त बाहेरचे टोक इकडून तिकडे फिरवतो. आतल्या जॅकपासून 68 हजार ओहमच्या रोधाकडे आणि तिथून ट्रान्झिस्टरकडे गेलेली डाखाची वाट मात्र कायमची असते, त्यामुळे पेडल बंद असतानाही गिटारचा संदेश अ‍ॅम्प्लिफायरकडे जाता जाता या मंडलालाही आपला वाटा देत राहतो.

हा वाटा किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. गिटारवरचे आवाजाचे बटण अडीच लाख ओहमचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे प्रवेशद्वार दहा लाख ओहमचे धरले, तर पिकअपवर दोन लाख ओहमचा भार पडतो. त्यात बंद वा-वाचे सुमारे एक लाख ओहम समांतर जोडले गेले की तोच भार 67 हजार ओहमवर येतो. ओहमचा आकडा जितका कमी तितके ओझे जास्त, हे इथे ध्यानात ठेवावे लागते. अनुनादाच्या वारंवारतेला पिकअपचा स्वतःचा विरोधच सत्तर हजार ओहमच्या घरात असल्यामुळे या ओझ्याखाली ते टोकदार शिखर जवळजवळ सपाट होते. आवाजाची पातळी किंचित उतरते, पण कानाला खरी जाणवते ती धार गेल्याची. वादक मग बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला दोष देतो, त्याचे ट्रेबलचे बटण वाढवतो, आणि वाढते ती बहुधा खरखर.

तिसऱ्या टप्प्यावर पेडले वाढतात आणि एका पाटीवर ओळीने मांडली जातात. 1977 साली बॉस या जपानी कंपनीने काढलेल्या छोट्या पेडलांच्या मालिकेने वेगळा उपाय रूढ केला होता. या पेडलांतील पायाचा खटका ध्वनीचा मार्ग स्वतः बदलत नाही, तो फक्त इलेक्ट्रॉनिक द्वारांना इशारा देतो. आणि पेडल चालू असो वा बंद, संदेश बफरमधूनच जातो. बफर म्हणजे समोरच्या पिकअपवर जवळपास ओझे न टाकता संदेश घेणारी आणि पुढच्या लांब केबलला तोच संदेश दमदारपणे पुरवणारी पायरी. मात्र या पायरीला वीज लागते, म्हणून बॅटरी संपलेले असे पेडल बंद ठेवले तरी गिटार मुकी होते. आणि बॅटरीचे मंडल गिटारची केबल आत खोचताच पूर्ण होत असल्यामुळे रात्रभर केबल खोचून ठेवलेले बंद पेडल सकाळपर्यंत बॅटरी खात बसते. बंद वस्तूने इतके काम करावे हे काही वादकांना रुचले नाही, आणि त्यातून ट्रू बायपासचा आग्रह बळावला.

ट्रू बायपासमध्ये खटका मंडलाची दोन्ही टोके एकदम तोडतो आणि आतला जॅक बाहेरच्या जॅकला तारेने सरळ जोडतो. त्यासाठी आज सर्रास वापरला जाणारा खटका नऊ टोकांचा असतो. तीन-तीन टोकांच्या तीन रांगांपैकी दोन ध्वनीच्या आणि तिसरी दिवा पेटवण्यासाठी. ही रचना स्वच्छ आहे, पण तिच्या वाट्याला आलेली भक्ती तिच्या योग्यतेपेक्षा मोठी आहे. सगळी पेडले अशी असली आणि सगळी बंद असली, तर गिटारपासून पाटीपर्यंत सहा मीटर, पाटीवरचे तुकडे मिळून दोन मीटर आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा मीटर, अशी चौदा मीटर केबल त्या एकट्या पिकअपला ओढावी लागते. मघाचाच हिशेब पुन्हा मांडला, तर अनुनादाचे शिखर 4,500 वरून 2,700 हर्ट्झपर्यंत घसरते. भर म्हणजे एक पेडल चालू केले की त्याच्यापुढची केबल पिकअपच्या अंगावरून उतरते, म्हणून वादकाला चालू पेडल उजळ वाटते आणि बंद केल्यावर मळभ आल्यासारखे होते. डेव्हिड गिलमोर आणि ब्रायन मे यांच्यासाठी पाट्या बांधणारे इंग्लंडचे पीट कॉर्निश यांनी ट्रू बायपासला विरोध केला आणि बफरचा पुरस्कार केला, तो याच कारणाने.

चौथ्या टप्प्यावर बफरचाही भरवसा ढळतो. 1966 मध्ये लंडनहून आलेले फझ फेस हे पेडल पिकअपवर मुद्दाम जड ओझे टाकते; त्याचे प्रवेशद्वार काही हजार ओहमचेच असते, आणि पिकअपच्या वेटोळ्याला ते जणू आपल्या मंडलाचा भाग करून घेते. गिटारवरचे बटण थोडे उतरवले की त्याचा फाटका आवाज निवळतो तो या जवळिकीमुळे. या दोघांच्या मध्ये बफर असलेले एखादे बंद पेडल आले की पिकअप पलीकडेच अडतो, आवाज कर्कश होतो आणि बटण उतरवूनही पूर्वीसारखा निवळत नाही. म्हणून जाणते वादक फझला सर्वांत पुढे, गिटारच्या लगत ठेवतात, बफर त्याच्या मागून आणतात, आणि जुन्या वा-वाला एक तर नवा खटका बसवतात किंवा गरज नसेल तेव्हा त्याला फेऱ्यातून बाहेर काढतात.

उलट काहींना बंद यंत्राचा संस्कारच हवा असतो. फितीवर आवाज मुद्रित करून प्रतिध्वनी देणारे एकोप्लेक्स हे यंत्र 1970 च्या सुमारास ट्रान्झिस्टरवर आधारित ईपी-3 या रूपात आले. त्यातला प्रतिध्वनी पूर्ण बंद ठेवला, तरी गिटारचा संदेश त्याच्या पूर्ववर्धकातून जात राहतो आणि तिथे त्याला किंचित भरदारपणा येतो. कालांतराने फिती झिजल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि प्रतिध्वनीची सोय खिशात मावणाऱ्या पेटीत आली, तरी हा भरदारपणा ज्यांच्या कानात बसला होता त्यांना तो सोडवेना. झोटिक या कंपनीने मग त्या पूर्ववर्धकाच्या धर्तीवर ईपी बूस्टर नावाचे पेडल बाजारात आणले, आणि ते पाटीवर ठेवणारे अनेक वादक त्याला कधीच बंद करत नाहीत.