लेकीची एटीव्ही

लेकीसाठी जुनी, ९० सीसीची एटीव्ही, म्हणजे मातीवर चालवायची चारचाकी, घेतली. तिला नुकतंच दहावं लागलंय. इथे अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही नकोच म्हणते. ते मनातून जात नाही. म्हणून थ्रॉटलचा स्क्रू आवळून वेग ताशी २४ किलोमीटरच्या आसपास बांधून ठेवला. हेल्मेटशिवाय किल्ली मिळणार नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. डांबरी रस्ता तर वर्ज्यच, हे टायर मातीसाठी असतात.

चालवण्याआधी यंत्र उघडता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आज एअर फिल्टर तिलाच काढायला लावला. स्पंज धुतला, वाळवला, तेलात भिजवून पिळला. स्पंजात अडकलेली हीच धूळ इंजिनात गेली की पिस्टन-सिलिंडर झिजतात, हे तिला काळं पाणी बघून पटलं. चेन सैल वाटतेय, ती उद्या ताणू.