बदामचे म्हातारपण

सांगलीच्या गणपती पेठेत हळद, मिरची आणि धण्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका जैन घराण्यात उंदीर हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या नुकसानीच्या खात्यावरच मांडला गेला होता. पोती कुरतडणारा, सुतळी तोडणारा, जुन्या वह्यांच्या कडा खाणारा. तरीही त्या पेढीवर विषाच्या वड्या कधी आल्या नाहीत. संध्याकाळी लोखंडी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी सापडलेला उंदीर आयर्विन पुलापलीकडे नेऊन बांधावर सोडायचा, हा शिरस्ता घरातल्या आजोबांनी चाळीस वर्षे पाळला. पुलापलीकडचे शेतकरी त्यावर काय म्हणत असतील, हा प्रश्न निराळा!

अशा घरात एके दिवशी नातीच्या हातात हॅम्स्टरचा पिंजरा आला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली बंगळुरूला झाली होती आणि तीन महिन्यांच्या त्या जिवाला सोबत नेणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. अंगावर बदामी रंगाची मऊ लव, पोट पांढरे, शेपूट असून नसल्यासारखी. नाव अर्थातच बदाम पडले. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि म्हणाले, ‘‘जन्मभर मी पिंजऱ्यातले उंदीर सोडत आलो. आता तू पिंजऱ्यात घालून पोसणार?’’

त्यांची हरकत थट्टेची नव्हती. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच ‘बंध’, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणे. दुसऱ्या दिवशी पिंजरा पुलापलीकडे नेण्याचा विचार त्यांनी बोलूनही दाखवला. परंतु नातीने पुस्तकातून माहिती काढून पुढे ठेवली. हा प्राणी मूळचा सीरियातला. १९३० साली इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतात जमीन खणून एक मादी आणि तिची पिल्ले बाहेर काढली व पिल्ले जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेली. आज घरोघरी दिसणारे सोनेरी हॅम्स्टर बहुतेक सगळे त्या एकाच कुटुंबाचे वंशज. इतक्या पिढ्या माणसाच्या हाती वाढलेला जीव कृष्णाकाठच्या उसात सोडला, तर पहिल्याच रात्री मांजर किंवा घुबड त्याचा निकाल लावील. सोडणे म्हणजे मारणेच. आजोबा यावर काही बोलले नाहीत, पण पिंजरा घरात राहिला.

पहिली दोन वर्षे सुखात गेली. सोनेरी हॅम्स्टर हा एकलकोंडा. मोठेपणी दुसरा जोडीला ठेवला तर रक्त निघेपर्यंत भांडतो, त्यामुळे सोबत आणण्याचा प्रश्न नव्हता. कांदा-लसूण त्याला अपायकारक. ती जिन्नस या घराच्या उंबऱ्याआत येतच नव्हती. अडचण एवढीच, की सूर्यास्तापूर्वी सगळ्या घराची जेवणे उरकल्यावर, भांडी घासून पालथी पडल्यावर, हा डोळे चोळत जेवायला उठे. गालांच्या पिशव्यांत सूर्यफुलाच्या बिया कोंबून कोपऱ्यात नेई आणि भुशाखाली पुरून ठेवी. ‘‘रात्रीभोजनही करतो आणि परिग्रहही,’’ असे आजोबा म्हणत. मात्र ते म्हणताना त्यांच्या आवाजातला पहिला कोरडेपणा उरलेला नव्हता. माल हंगामात भरून ठेवण्याची कला त्यांना परकी थोडीच होती?

बदाम म्हातारा झाला हे प्रथम ओळखले तेही आजोबांनीच. वयोमानाने त्यांची झोप तुटक झालेली. रात्री दोनच्या सुमारास जाग आली की पलीकडच्या खोलीतून चाकाची घरघर ऐकू येई. हॅम्स्टर रात्रभर त्या चाकात धावतो. पावसाळ्याच्या अखेरीस ती घरघर थांबून थांबून येऊ लागली आणि दिवाळीनंतर बंदच झाली. सकाळी त्यांनी नातीला विचारले, ‘‘तुझा पाहुणा रात्री धावत का नाही?’’ तिने पाहिले तर बदामच्या पाठीवरची लव विरळ झालेली, एका डोळ्यावर दुधी सारा आलेला. दोन ते अडीच वर्षे हे या प्राण्याचे आयुष्य. तीन म्हणजे फार झाले. बदाम तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता.

मुलीचे वडील व्यवहारी. पाचशे रुपयांच्या प्राण्यासाठी कोल्हापूरची फेरी आणि डॉक्टरांची आठशे रुपये फी, हा हिशेब त्यांना पटेना. शेवटी आजोबाच बसमध्ये बसले. मांडीवर भोके पाडलेला डबा, शेजारी नात. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवले. या प्राण्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडण्याने झिजतात. म्हातारपणी कुरतडणे कमी झाले की ते लांबून वाकतात व घास तोंडात जाईनासा होतो. दात कापावे लागले. ‘छेद’ हाही पाच अतिचारांतला एक. आजोबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण कापलेल्या दातांनी बदामने तिथेच काकडीचा तुकडा उचलला, तेव्हा त्यांची शंका फिटली.

खरी अडचण पुढेच होती. वजन झपाट्याने उतरत होते, म्हणून डॉक्टरांनी प्रथिने वाढवायला सांगितले आणि सहज म्हणाले, ‘‘उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग द्या.’’ परतीच्या बसमध्ये नात म्हणाली, ‘‘आजोबा, बदाम कुठे जैन आहे? रानात तो किडेसुद्धा खातो.’’ प्रश्न चुकीचा नव्हता. आजोबा अंकलीचा पूल येईपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘तो नाही, आपण आहोत. पण आपला नियम पाळण्यासाठी तो उपाशी मेला, तर तो दोषही आपलाच.’’ अन्नपाननिरोध, आश्रिताचे अन्नपाणी रोखणे, हा त्या पाचांतला शेवटचा. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन करून सरळ विचारले, की अंड्यावाचून भागेल का? डॉक्टर समंजस होते. मऊ शिजवलेले मुगाचे वरण, मीठ न घातलेले पनीर हरभऱ्याएवढे, भोपळ्याच्या बियांची पूड आणि नेहमीचे कोरडे खाणे कोमट पाण्यात भिजवून, असे पंधरा दिवस करून पाहा, वजन उतरतच राहिले तर पुन्हा बोलू, असे ठरले.

मग पेढीवरचा केशर-वेलदोडे तोलण्याचा छोटा काटा घरी आला आणि एका जुन्या रोजकीर्दीच्या कोऱ्या पानांवर नोंदी सुरू झाल्या. कोल्हापूरला १०४ ग्रॅम. आठवड्याने १०१. त्यानंतर १०२. पंधराव्या दिवशी १०५. तरुणपणचे १४० पुन्हा येणार नव्हते, परंतु उतार थांबला. सूनबाईंनी पिंजऱ्याचा वरचा मजला काढून टाकला, कारण दिसेनासे झाल्यापासून तो तिथून दोनदा पडला होता. पाण्याची नळी खाली घेतली, उथळ वाटी ठेवली, भुशाचा थर जाड केला. त्याच्या वस्तूंच्या जागा मात्र बदलायच्या नाहीत, हे नातीने सगळ्यांना बजावले. आंधळा जीव वासाच्या आणि सवयीच्या आधाराने फिरतो. भुसा बदलतानाही जुना मूठभर परत ठेवायचा आणि त्याचे बियांचे कोठार मोडायचे नाही. गुडघ्यांच्या दुखण्याने जिना सोडलेल्या आजोबांची खाट त्याच महिन्यात तळमजल्यावर आली होती, ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवली नाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे बदाम गार पडलेला, वाटोळा, ताठ सापडला. नात रडू लागली. सूनबाईंनी पांढरे फडकेही काढले. आजोबांनी त्याला ओंजळीत घेतले आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ न्याहाळले. मिशीचा एक केस हलला. थंडी आणि अपुरे अन्न यांनी दुर्बळ हॅम्स्टर असा निपचित होतो. श्वास इतका मंद होतो की मेल्याचाच भास व्हावा. कैक घरांत असे जिवंत जीव पुरले गेले असतील, या विचाराने अंगावर काटा येतो. त्याला एकदम शेकायचे नसते. आजोबा तासभर तसेच ओंजळ धरून बसले, त्या दिवशी देवदर्शनाला उशीर झाला. बदामने डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तळव्यावर तो मुतला, आणि घर हसले.

त्यानंतर तो दीड महिना जगला. जानेवारीच्या शेवटी श्वास लागू लागला, खाणे थांबले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, की आता बरे होणे नाही; हवे तर इंजेक्शन देऊन सोडवता येईल. आजोबा म्हणाले, ‘‘औषध दुखण्यावर द्या, जिवावर नको.’’ वेदनाशामकाचे थेंब बिनसुईच्या पिचकारीने देण्याचे ठरले. नातीला हे मान्य नव्हते. तेरा वर्षांची मुलगी आजोबांपुढे प्रथमच उभी राहून बोलली. ‘‘तुमचा नियम मोडू नये म्हणून त्याने का सोसायचं?’’ तिच्या आईने तिला दटावले, तर आजोबांनी आईला थांबवले. उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. दोन दिवस दोघांत बोलणे नव्हते. पण रात्री थेंब देण्याच्या वेळी पिंजऱ्यापाशी दोघेही असत, एकाच्या हातात पिचकारी, दुसरीच्या हातात बदाम.

तिसऱ्या पहाटे तो गेला. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार ऐकवल्याची कथा जैन घरांत लहानपणापासून सांगितली जाते. आजोबांनी रात्रभर त्याच्या कानाशी तो मंत्र म्हटला होता, इतक्या हळू की शेजारी बसलेल्या नातीलाही शब्द लागत नव्हते. परसात पारिजातकाजवळ कोरडी जागा पाहून त्याला ठेवले.

‘‘त्या रात्री त्याला दुखत होतं का?’’ तिने दुपारी विचारले.

‘‘थोडं असेल,’’ आजोबा म्हणाले. ‘‘थेंबांनी सगळं गेलं असेल असं मी म्हणणार नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग माझ्याने ते झालं नसतं, एवढंच.’’ तिला ते पटले नाही, आणि पटवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

पिंजरा धुण्यासाठी भुसा काढला तेव्हा कोपऱ्यात कोठार निघाले. दात गेल्यापासून ज्या त्याला फोडताही येत नव्हत्या, त्या सूर्यफुलाच्या बिया तो अखेरपर्यंत नेऊन ठेवत राहिला होता. नातीने मोजल्या, ८३ भरल्या. आजोबांनी त्या रोजकीर्दीत ९१ ग्रॅमच्या शेवटच्या नोंदीखाली लिहून ठेवल्या. मग दोघांनी मिळून त्या गच्चीच्या कठड्यावर पसरल्या. आजोबांना जिना चढायला बराच वेळ लागला. काटा दुसऱ्या दिवशी पेढीवर परत गेला, कारण नव्या हळदीचे सौदे सुरू झाले होते.