गल्ल्यातले पैसे कोणाचे?

"सहलीच्या धंद्यात पैसा कधी अडत नाही," असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. आज ते आठवलं की कान तापतात.

आमची डोंबिवलीतली छोटी सहल कंपनी. उन्हाळ्यात सिमला-मनाली, दिवाळीत राजस्थान, केरळ. उन्हाळ्याच्या सहलीचे आगाऊ पैसे लोक डिसेंबरपासून भरू लागतात. त्यातून हॉटेलांना विसार जायचा, विमानाची तिकिटं निघायची. शिवाय ऑफिसचं भाडं, पगार आणि दोन टेम्पो ट्रॅव्हलरचे हप्तेही त्यातच भागायचे. मे महिन्यात कमी पडलं की दिवाळीच्या बुकिंगमधून भरून काढायचं. याची टोपी त्याला! मी त्याला 'पैसा खेळता ठेवणं' म्हणायचो.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला, तेव्हा खात्यात 22 लाख होते. म्हटलं, वर्ष निघेल. परताव्यासाठी फोन सुरू झाले, तसं मी सगळ्यांना एकच पत्र धाडलं : 'आपली रक्कम सुरक्षित आहे, पुढच्या वर्षी याच पैशांत सहल करा.' संकटात हातची रोकड सोडायची नसते, हे शहाणपण घरीही ऐकवलं. रिझर्व्ह बँकेनं हप्ते लांबवायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. तीही पुरेपूर घेतली.

मग विमान कंपनीचा निरोप आला : पैसे परत नाहीत, क्रेडिट शेलमध्ये जमा, म्हणजे पुढच्या तिकिटापुरतेच वापरायचे. मी भडकलो. त्याच तिरीमिरीत मनालीच्या हॉटेलवाल्याला विसार मागायला फोन केला. तो म्हणाला, "भाईसाब, अगले साल आ जाइए." माझा विसार त्यानं नोकरांच्या पगारात घातला होता. त्याला बेइमान म्हणणार होतो, पण जीभ उचलेना. माझंच पत्र तो मला हिंदीत ऐकवत होता.

त्या रात्री वही घेऊन बसलो. लोकांचं देणं 30 लाख. खात्यात 22. हॉटेलं आणि विमान कंपन्यांकडे अडकलेले 11. म्हणजे अडकलेला रुपयान् रुपया परत आला, तरच माझे स्वतःचे 3 लाख. आमचा जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. वीस वर्षांचा धंदा आणि पुंजी दोन महिन्यांची! महामारीनं मला बुडवलं असं मी सांगत सुटलो होतो. खरं तर मी कधीच स्वतःच्या पैशांवर उभा नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन केले. घरात आजारपण असलेल्यांचे किंवा नोकरी गेलेल्यांचे पैसे आधी, बाकीच्यांचे तीन हप्त्यांत. एक गाडी पडत्या भावात विकली. लोकल बंद होत्या, म्हणून दुसरीतून रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची ने-आण केली. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : क्रेडिट शेलमध्ये उरलेली रक्कम 31 मार्च 2021 नंतर परत करायची. तेवढा धीर आला. हॉटेलांचे काही पैसे मात्र बुडाले ते बुडालेच, त्यांची भर मी घातली. लांबवलेल्या हप्त्यांवर व्याज चढतच होतं, हेही बँकेचा उतारा पाहिल्यावर डोक्यात शिरलं. शेवटच्या गिऱ्हाइकाचा शेवटचा हप्ता द्यायला 2022 उजाडलं. सगळे समजुतीनं वागले असं नाही; काहींनी ऐकवलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

आता खाती दोन आहेत. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात जाते. त्यातून फक्त त्याच सहलीची तिकिटं आणि हॉटेलं. आमचा हिस्सा सहल परतल्यावरच उचलायचा. चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे 'आजच बुक करा, इतके हजार वाचवा' अशा सवलती मला परवडत नाहीत, आणि काही जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या ऑफिसात जातात. जाऊ देत.

पुढच्या सहलीचे पैसे भराल, तेव्हा ते कोणत्या खात्यात जातात एवढं विचारा. आमच्याकडे आलात तरी विचारा.