मागवली एक, आली एक

भाईजान गेले ते २००९ सालच्या पावसाळ्यात, पेठ नाक्याजवळ. बाजूच्या रस्त्यावरून आलेला टेम्पो त्यांच्या गाडीच्या दारावर आदळला. गाडीची समोरची काच शाबूत होती. मी ती गाडी पाहिली तेव्हा हीच गोष्ट मनात रुतून बसली. मार समोरून येतो असं आपण धरून चालतो, तो बाजूनं येतो.

म्हणून निवृत्तीनंतर गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती. दारांच्या बाजूलाही एअरबॅग हव्यात. म्हणजे सहा एअरबॅगचं मॉडेल. पुढच्या दोन्ही सीटसाठीच्या दोन एअरबॅग २०२१ सरेपर्यंत सर्वच गाड्यांना सक्तीच्या झाल्या, पण सहा असलेल्या गाड्या वरच्या किमतीत मिळत. जानेवारी २०२२मध्ये सरकारनं सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला होता. पुढे तो लांबला आणि २०२३मध्ये सक्ती होणार नाही असं जाहीर झालं. तेव्हा ज्याला हव्यात त्यानं पैसे मोजायचे. मी मोजायला तयार होतो. भाईजान त्यामुळे वाचले असते का, हे अल्लाहच जाणे. पण माझ्या नातवंडांच्या बाबतीत मला हा प्रश्न शिल्लक ठेवायचा नव्हता.

नोव्हेंबर २०२१मध्ये जिल्ह्याच्या गावी एका शोरूममध्ये गेलो. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी. काउंटरवरचा पोरगा लगबगीनं उठला. ‘‘आइये चाचा, कौनसी गाडी दिखाऊं?’’

‘‘बाळा, मराठीत बोल. चौतीस वर्षं मराठी शिकवलंय मी.’’

तो ओशाळला, हसला. मग आमची गट्टी जमली. त्यानं बुकिंगचा फॉर्म नीट भरला. मॉडेलच्या नावापुढे मी त्याला ‘सहा एअरबॅग’ असं मुद्दाम लिहायला लावलं, खाली त्याची सही घेतली. परीक्षेच्या पर्यवेक्षकाची सवय, दुसरं काय! त्या काळात जगभर चिपची टंचाई होती, गाड्या महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. मी थांबलो.

मार्चअखेरीस फोन आला. गाडी आलीय, उरलेली रक्कम भरा, रमजानच्या आधी दारात उभी करू. दुसऱ्याच दिवशी बँकेतून पैसे पाठवले आणि गाडी बघायला यार्डात गेलो. रंग तोच. बेगम म्हणाली, ‘‘माशाअल्लाह.’’ मी दार उघडलं आणि सीटची बाहेरची कड चाचपली. शोरूममधल्या नमुन्याच्या गाडीत त्या जागी ‘एअरबॅग’ अशी बारीक अक्षरं शिवलेली होती. वर खांबावरही तीच अक्षरं होती. इथं दोन्ही जागा कोऱ्या.

पोराकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

व्यवस्थापक बाहेर आले. ‘‘चाचा, इंजिन वही है, कलर वही है. सिर्फ उपर का सामान अलग है.’’ वरचं मॉडेल कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तुमच्या सोयीसाठी खालचं दिलं, असं ते म्हणाले. फरकाचे सत्तर हजार परत देऊ, वर सीट कव्हर आणि मॅट फुकट. ‘‘आज संध्याकाळी पासिंगला पाठवतो.’’

विचारून सांगतो म्हणून मी घरी आलो.

घरात सगळ्यांचं मत माझ्या विरुद्ध. बेगम म्हणाली, ‘‘अजी, जाने दो ना. रमजान सर पे है. झगडा कायकू?’’ मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, सत्तर हजार परत मिळतायत. गाडी नवी आहे. उगाच वाद वाढला तर...’’ त्यानं वाक्य तिथंच सोडलं. आमच्यासारख्या घरांत असं अर्धवट सोडलेलं वाक्य सगळ्यांना पूर्ण ऐकू येतं. आपल्या नावाच्या माणसानं आवाज चढवू नये, काउंटरवर भांडू नये, मिळेल ते घेऊन सलाम करून निघावं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं, ते आपोआप अंगात भिनतं. मीही आयुष्यभर तसाच वागत आलो होतो.

रात्री झोप लागेना. अब्बा आठवले. बाजारपेठेत त्यांचं धान्याचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे वर काढून दाखवत. मदिनेच्या बाजारात पैगंबरसाहेबांनी धान्याच्या ढिगात हात घातला, बोटं ओली झाली आणि ओला माल खाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याची त्यांनी कानउघाडणी केली, हा किस्सा आम्ही अब्बांकडून कितीतरी वेळा ऐकला होता. अब्बांना तो व्यापाऱ्यासाठीचा धडा वाटे. त्या रात्री मला वाटलं, धडा गिऱ्हाइकालाही आहे. ढिगात हात घालून बघणं हे भांडण नव्हे.

फजरनंतर इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘सर, आपल्याकडे याला खियार म्हणतात. जो गुण सांगून माल विकला तो गुण मालात नसेल, तर सौदा ठेवायचा की मोडायचा, हा हक्क घेणाऱ्याचा. विकणाऱ्याचा नव्हे.’’

दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता वकिली करतो. त्यानं १९३०चा मालविक्री कायदा सांगितला. कलम १५ म्हणतं की वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्यानं तो स्वीकारला असं धरत नाहीत. पण एकदा स्वीकारला की सहसा फक्त भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. मला नवल वाटलं. इमामसाहेब आणि वकीलसाहेब एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दोघं एकच गोष्ट सांगत होते!

‘‘सर, तीन गोष्टी सांभाळा,’’ वकील म्हणाला. ‘‘ताबा घेऊ नका. ताबा मिळाल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि पासिंग होऊ देऊ नका. गाडी तुमच्या नावावर चढली की तिला नवी म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही, मग ते हटून बसतील.’’

मी लगेच व्यवस्थापकांना फोन करून पासिंग थांबवायला सांगितलं आणि लिहायला बसलो. मराठीत. बुकिंगची तारीख, पावतीचा क्रमांक, भरलेली रक्कम, मागितलेलं मॉडेल, आलेलं मॉडेल, आलेल्या गाडीचा चॅसिस नंबर. मग मागणी. मी ही गाडी नाकारत आहे, ती माझ्या नावे नोंदवू नये. पंधरा दिवसांत एक तर ठरलेली गाडी ठरलेल्या किमतीत देण्याचं लेखी कबूल करावं, नाहीतर संपूर्ण रक्कम परत करावी. तसं न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पूर्ण पत्रात एकही विशेषण नव्हतं. मुलांना निबंधात विशेषणं घालायला शिकवलं, पण अर्जात ती नसावीत हेही शिकवलं होतं.

ग्राहक आयोगाची धमकी पोकळ नव्हती. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी दोनशे रुपये, आणि वकील हवाच असंही नाही. तक्रारीआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही सांगता येतं. आपल्या किती घरांत हे ठाऊक आहे?

पत्राच्या एका प्रतीवर पोच घेतली, दुसरी रजिस्टर पोस्टानं धाडली, तिसरी मुलानं गाडी बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केली. नवव्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. ‘‘सर, गैरसमज झाला.’’ चाचाचं सर झालं होतं आणि हिंदीचं मराठी. सहा आठवड्यांत ठरलेली गाडी, जुन्याच किमतीत. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती फुशारकीनं सांगितली असती. पण रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, तरावीह उरकून घरी आलो तर तो पोरगा ओट्यावर बसलेला. साहेबांनी चूक त्याच्यावर टाकली होती. पगारातून कपात सुरू होणार होती. ‘‘सर, मी यार्डात त्यांना सांगितलं होतं, गाडी ही नाही म्हणून.’’ घरी म्हातारे आई-वडील आणि धाकटी बहीण.

मी माझं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात ‘आपल्या विक्री प्रतिनिधीने गाडी दाखवली’ असं वाक्य होतं. खरंच होतं ते. पण मी तेवढंच लिहिलं होतं. फॉर्म त्यानं बिनचूक भरला होता, हे लिहायचं मला सुचलं नव्हतं. स्वतःचा हक्क मांडताना दुसऱ्याची बाजू माझ्या हातून राहून गेली होती.

त्याच रात्री दुसरं पत्र लिहिलं. बुकिंगच्या फॉर्मची प्रत जोडली. या मुलानं मागणी अचूक नोंदवली, बदल नंतर गाडीचं वाटप करताना झाला, त्याच्या पगारातून कपात झाली तर माझी तक्रार मिटली असं मी समजणार नाही. तेही पत्र कंपनीला पाठवलं. कपात थांबली. पण दोन महिन्यांनी त्यानं ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे, ईदला फोन करतो. त्याच्या नोकरी सोडण्यात माझ्या पहिल्या पत्राचा वाटा किती, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

ईद गाडीविनाच झाली. मेच्या मध्यावर गाडी आली. सीटची कड चाचपली, खांब पाहिले, चॅसिस नंबरची सतरा अक्षरं-अंक बिलाशी आणि फॉर्म २२शी ताडून पाहिले, मगच पासिंगला होकार दिला. बेगम पुन्हा ‘‘माशाअल्लाह’’ म्हणाली, यावेळी जरा दमानं.

आजही सांगलीहून पुण्याला जाताना पेठ नाका आला की मागच्या सीटवरची मुलं गप्प होतात. त्यांना कुणी गप्प बसा म्हटलेलं नसतं. बेगम ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटते. मी गाडीचा वेग कमी करतो आणि दोन्ही बाजूंना बघतो.