कळमेश्वर ते मुंढवा : एका घोटाचा प्रवास

पाहुणे आले की आम्ही कळमेश्वरच्या बायका त्यांना अदासाच्या गणपतीला नेतो, तिथून धापेवाड्याच्या विठोबाला. हंगाम असला तर एखाद्या ओळखीच्या बागेत संत्री खायला नेतो. गावात बघायचं ते एवढंच. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बागा आणि मधून नागपूर-इटारसी रेल्वे. अशा गावच्या तिघीजणी पुण्याला गेल्या आणि तिथे बिअरची चव घेऊन आल्या, हे वाचून काहीजणींच्या भुवया चढतील. त्यांना माझं म्हणणं इतकंच, की आधी सगळं वाचा, मग काय ते बोला.

माझ्या माहेरी दारूचं नाव निघालं की आई उठून आत जात असे. मोठ्या मामांनी मोहाच्या दारूपायी दीड एकर ओलीत घालवलं. पुढे मामी त्याच वावरात रोजानं निंदायला जायच्या. ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यामुळे बाटली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, तो आजही येतो.

पुण्याला जायचं निमित्त वेगळंच होतं. बी. ए. ला बरोबर असलेली आमची मैत्रीण आता तिकडे राहते. तिने बोलावलं आणि फेब्रुवारीत आम्ही तिघी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. एक मी, एक बँकेत नोकरी करणारी आणि तिसरी आमची वर्धेवाली. बरोबर मृग बहाराची पेटीभर संत्री होती. गाडी वर्ध्याला थांबली तेव्हा वर्धेवालीच्या भावानं डब्यात पोळ्या-झुणका आणून दिला. तिचं माहेर म्हणजे गांधीजींचा जिल्हा, तिथे दारूबंदी. बिअरचा विषय मात्र गाडीत कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तो काढला पुण्याच्या मैत्रिणीने. "इथे आता लहान लहान भट्ट्यांमधून ताजी बिअर करतात. माझे यजमान आणि मी जातो कधीमधी. चला, निदान बघा तरी!"

"अवं, घरी कळलं तं?" वर्धेवाली म्हणाली.

मी रात्री घरी फोन केला. चोरून काही करायचं नाही, हा माझा स्वभाव. हे क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "तुला बघायचं आहे ना? बघ. पण रिक्षानं जा, रिक्षानं ये." सासूबाईंना सांगायचं की नाही, हा प्रश्न मी परतीच्या प्रवासावर ढकलला.

शनिवारी संध्याकाळी पहिल्या ठिकाणी गेलो, तर तिथे कानठळ्या बसवणारं संगीत आणि पाय ठेवायला जागा नाही. आमच्या साड्यांकडे बघून दोन मुली हसल्या, असं मला वाटलं. आम्ही दारातूनच परत फिरलो आणि वाटेत भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंढव्याच्या बाजूला एक शांत जागा सापडली. उन्हाची वेळ, दोन-तीन कुटुंबं जेवत बसलेली. काचेपलीकडे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या होत्या. हा कारभार पुण्याला तसा नवाच. २००९ मध्ये इथे 'डूलाली'ची छोटी भट्टी सुरू झाली. २०१४ च्या सुमारास मुंढव्याला 'इंडिपेन्डन्स' आणि कोरेगाव पार्कला 'एफिंगट' आली. पुढे अशा जागा वाढत गेल्या. मध आंबवून केलेलं मीड नावाचं पेयही आता पुण्यात तयार होतं.

तिथला एक मुलगा मोठ्या आपुलकीने समजावून सांगू लागला. तो बोलत गेला तशी माझी भीती कमी होत गेली. कारण तो सांगत होता ते सगळं स्वयंपाकघरातलंच होतं!

जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून हलके भाजायचे. आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना दुसरं काय करतो? मोड आले की धान्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊ लागते, म्हणून सत्त्वाला गोडी येते. इथे ते मोडाचं धान्य भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. साखर पाण्यात उतरली की पाणी गाळून उकळतात. उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकतात. कडवटपणा त्या फुलांचा, आणि त्यांच्यामुळे बिअर टिकतेही. मग थंड करून यीस्ट घालायचं. इडलीचं पीठ फुगतं, कुरडईचा गहू तीन दिवस भिजून आंबतो, तसंच हे आंबवणं. फक्त इथे यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क तयार करतं. बहुतेक बिअरमध्ये तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो. बाटलीतली बिअर सहसा तापवून टिकाऊ केलेली असते. इथली मात्र टाकीतून थेट पेल्यात येते, म्हणून ताजी लागते आणि लवकर संपवावीही लागते. गाळून उरलेला चोथा गुरांच्या खाद्याला जातो.

घरी येऊन मी थोडं वाचलं, तर आणखी नवल वाटलं. प्राचीन सुमेर देशात बिअरची देवता होती, निंकासी, म्हणजे बाईच! मध्ययुगात इंग्लंडात घराघरांतून बिअर करणाऱ्या बायकाच असत. हॉप्समुळे पेय टिकतं, हे बाराव्या शतकात लिहून ठेवलं जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या मठवासिनीने. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या राजाज्ञेने ठरवून दिलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. पुढे धंदा मोठा झाला आणि पुरुषांकडे गेला. पापड-लोणच्यांच्या बाबतीतही हेच होत आलं आहे, नाही का?

तर आमच्यापुढे पाच छोटे पेले आले. एक फिकट पिवळा, एक गढूळ, एक तांबूस, एक कडूजहर आणि एक काळा. गढूळ होती ती गव्हाची. नाकाशी नेली तर पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास! दोन्हींपैकी काहीही घातलेलं नसतं, तो वास यीस्टचा. काळी बँकेवालीला आवडली. तिला कॉफीची चव लागली, पण कॉफीही त्यात नव्हती. धान्य कडक भाजलं की तशी चव येते.

आणि मला आवडली ती तांबूस. बेल्जियमच्या तऱ्हेने केलेली, संत्र्याची साल आणि धणे घालून. मी दोन घोट घेतले आणि हसूच आलं. आपण संत्री सोलून सालं उकिरड्यावर टाकतो, आणि इथे हे लोक ती जपून वापरतात! पुढच्या हंगामात मी सालं वाळवून ठेवणार आहे, अर्थात केकसाठी आणि उटण्यासाठी.

वर्धेवालीने एकही पेला तोंडाला लावला नाही. तिने लिंबाचं सरबत मागवलं. प्रत्येक पेल्याचा वास मात्र घेतला आणि गव्हाच्या बिअरवर निकाल दिला, "ही तं आपली आंबील झाली बाप्पा!" आम्ही कुणी तिला आग्रह केला नाही. मैत्रिणींत एवढं असावंच.

बिल आलं तेव्हा डोळे उघडले. माझ्या वाट्याच्या पैशांत घरचं महिन्याचं तेल आलं असतं. बसल्याबसल्या वर्धेवाली म्हणाली, "आपल्याकडे बाया आडवी बाटली करायला रांगा लावतात, आन् आपण इथं चवी घेऊन राहिलो." कुणी काही बोललं नाही. खरंच होतं ते. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं तर गावातलं दुकान बंद होतं. गडचिरोलीत १९९३ मध्ये बायांच्या रेट्यामुळेच बंदी आली. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

परत आल्यावर सोमवारी शाळेत गेले. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या बापाचा हप्ता झाला की दुसऱ्या दिवशी ती गैरहजर असते. धाकट्या भावंडांना सांभाळत आईजवळ थांबते. तिनेच विचारलं, "बाई, पुण्याला काय काय पाहिलं?" मी म्हटलं, "शनिवारवाडा, पर्वती." खोटं नव्हतं, दोन्ही पाहिलं होतं. पण तिच्याकडे बघून मला बाकीचं सांगता आलं नाही.

सासूबाईंना मात्र त्याच रात्री सांगितलं. भाजी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चव घेतली ना? झालं. तुझ्या मामांनीही पहिल्या दिवशी चवच घेतली असंल." त्या रागावल्या नाहीत, पण पुढे काही बोलल्याही नाहीत.

मैत्रिणींनो, मी पुन्हा जाईन का? मला वाटतं, नाही. गेले याचा पश्चात्तापही होत नाही. जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्याकडे बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि कायद्याने परवानाही लागतो. दिवस गेलेले असतील, अंगावर पिणारं मूल असेल किंवा औषधं चालू असतील तर घोटही नको. गाडी चालवणारीने तर नकोच. आणि बरोबर एखादी वर्धेवाली जरूर न्या.

सालांची मात्र आजच आठवण ठेवा. कडक उन्हात वाळवली की डब्यात वर्षभर टिकतात.