वीस जणांची माती

एप्रिल 2021 मध्ये बदनापुरात कोणी वारले, तर मातीला जास्तीत जास्त 20 जणांना जाता येत होते. 14 एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर लागू झालेल्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांत ही मर्यादा होती. 2020 च्या पहिल्या टाळेबंदीतही आकडा तोच होता. मरण कोरोनाने आले की वार्धक्याने, याने त्यात फरक पडत नसे.

कोरोनाने गेलेल्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचना होत्या. मृतदेहाला आंघोळ घालणे, मिठी मारणे यांना मनाई होती. पण पिशवीची चेन उघडून घरच्यांना चेहरा दाखवता येत होता, हात न लावता पोथी वाचता येत होती, पाणी शिंपडता येत होते. राख सावडण्यातही धोका नव्हता. हा दुसरा भाग घराघरांत नीट पोचायला हवा होता.

मुले, भाऊ, पुतणे, जावई, व्याही यांतच वीस जण होतात. मित्र बाहेर राहतो. 22 एप्रिलपासून जिल्हा ओलांडण्यावर बंधने आली, तेव्हा अंत्यविधीला सूट होती, पण कुटुंबातल्या. साथ पाहता मर्यादा योग्यच होती. मैत्रीला मात्र तिच्यात जागा नव्हती.

प्रस्तुत लेखकाचे बदनापूरचे वडीलधारे मित्र याच दिवसांत हृदयविकाराने घरीच गेले. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात त्यांची नोकरी झाली होती. मर आणि वांझ रोगाला दाद न देणारी ‘बीएसएमआर 736’ ही लाल तूर याच केंद्राची. तिचे नाव निघाले की त्यांचे बोलणे लवकर संपत नसे. लेखक औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, होता. मध्ये जिल्ह्याची हद्द होती आणि नाते रक्ताचे नव्हते. नातवाने व्हिडिओ कॉल लावला. कपाळावरचा बुक्का दिसला, गळ्यातली माळ दिसली. भोवतालच्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे रडते कोण ते कळत नव्हते. लेखकाने फोन त्यांच्या कानाजवळ धरायला सांगितला आणि ‘अण्णा, येतो’ एवढेच म्हटले.

सावडणे आणि दहावा घरच्या मोजक्या माणसांत उरकले. भेटायला येणेजाणे बंदच होते, आणि खरी उणीव तिथे राहिली. 7 जूनपासून निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, तेव्हा लेखक बदनापूरला गेला. काकूंनी शेवटच्या रात्रीची हकिकत पहिल्यापासून सांगितली: किती वाजता घाम आला, पाणी कोणी पाजले, ते शेवटचे काय बोलले. एरवी दुखवट्याच्या तेरा दिवसांत हे प्रत्येक येणाऱ्याला सांगून होते आणि सांगता सांगता ओझे उतरते. त्यांना ते ऐकणारे कोणी मिळाले नव्हते.

त्या दोन वर्षांत ज्यांची एखाद्या मित्राची माती चुकली आणि नंतरही जाणे झाले नाही, त्यांनी आता तरी त्या घरी जाऊन यावे.